मुळ्यांचा पैरा



पैरा म्हणजे काय, हे आपल्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आज तुझ्या रानात भांगलण, उद्या माझ्या रानात. पैशाची देवघेव नाही, पण हिशोब पक्का. ज्या घरात माणसं कमी, त्या घराचं रानही पैऱ्यावर निघतं. आज आम्ही अशाच एका पैऱ्याची हकिगत सांगणार आहोत. हा पैरा जमिनीखाली चालतो, झाडाच्या मुळ्या आणि डोळ्यांना न दिसणारे जीव यांच्यात. तो माणसाला कसा कळला, कळायला किती वर्षं लागली आणि कळल्यावरही आपण तो कसा मोडतो आहोत, हे आज बघायचं आहे. सुरुवात कासच्या पठारावरच्या एका फुलापासून करू आणि तिथून आपल्या सोयाबीन, भुईमूग आणि उसाच्या रानात येऊ.

कासची गरीब माती

कासचं पठार साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ३९ जागांना जागतिक वारसा म्हणून मान दिला. त्यात आपल्या भागातलं कास, कोयना आणि शिराळा तालुक्याला लागून असलेलं चांदोली, ही तिन्ही आहेत.

कासला सप्टेंबरात फुलांचे गालिचे दिसतात, त्यामुळे तिथली माती फार कसदार असेल असं वाटतं. प्रत्यक्षात उलट आहे. खाली जांभा दगडाचा सपाट खडक, वर कुठं बोटभर, कुठं वीतभर माती. घाटमाथ्यावरचा धो धो पाऊस त्या मातीतलं नत्र धुऊन नेतो. नत्राशिवाय झाडाला हिरवी पानं येत नाहीत, बी भरत नाही. आपण रानात युरिया टाकतो तो नत्रासाठीच. मग कासवर युरिया कोण टाकतं? तिथं सुमारे ८५० जातींच्या वनस्पतींची नोंद आहे. त्या जगतात कशावर?

तिथल्या झाडांनी वेगवेगळे मार्ग काढले आहेत. त्यातले तीन बघू.

पहिला मार्ग शिकारीचा. दवबिंदू नावाच्या छोट्या झाडाच्या पानांवर चिकट थेंब असतात. त्याला किडा चिकटला की झाड तो पचवतं. निळ्या-जांभळ्या फुलांची सीतेची आसवं तुम्ही पाहिली असतील. तिच्या खालच्या भागात बारीक पिशव्या असतात आणि त्यात पाण्यातले सूक्ष्म जीव अडकतात. दोघींनाही नत्र मिळतं ते किड्यांच्या अंगातलं.

दुसरा मार्ग कवळ्याचा. हे पिवळं फूल पर्यटकांना मिकी माऊससारखं दिसतं. कवळ्याच्या जातभाईंची भाजी कोकणात पावसाळ्याच्या सुरुवातीला आवडीनं खातात. कवळा भुईमूग-हरभऱ्याच्या कुळातला, म्हणजे शेंगेच्या कुळातला. त्याच्या मुळ्यांवर गाठी असतात आणि त्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतलं नत्र धरून त्याला देतात.

तिसरा मार्ग आमरीचा. ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात. झाडाच्या फांदीवर वाढणारी सीतेची वेणी ही आमरीच. तिकडं आसामात बिहूच्या सणाला नाचणाऱ्या मुली हेच फूल केसांत माळतात. काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारी सालममिश्री हे आमरीच्या कंदाचंच रूप, आणि औषधासाठी खणला जाणारा अमरकंदही आमरीचाच. कासवर मात्र जमिनीतून उगवणाऱ्या, पांढऱ्या फुलांच्या आमरी जास्त. त्यांना शास्त्रात हॅबेनेरिया म्हणतात. उन्हाळाभर वर काहीच दिसत नाही, खाली कंद झोपलेला असतो. पाऊस पडला की कोंब वर येतो, फुलतो, आणि पाऊस संपताना पुढच्या वर्षासाठी नवा कंद तयार करून ठेवतो. यातल्या एका जातीचं नावच पाचगणीवरून ठेवलेलं आहे. ते नाव दिलं फादर सांतापाव आणि झरीर कपाडिया यांनी. सांतापाव मूळचे स्पेनचे, पण त्यांचं आयुष्य मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात आणि सह्याद्रीत झाडं बघत गेलं. या दोघांनी मुंबई इलाख्यातल्या आमरींवर १९६६ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला.

आमरीच्या मुळांवर गाठी नसतात आणि ती किडेही खात नाही. मग तिचं कसं चालतं? हे कळायला फार वेळ लागला. त्याआधी कवळ्याच्या, म्हणजे आपल्या भुईमुगाच्या गाठींचं कोडं कसं सुटलं ते बघू, कारण ते आधी सुटलं.

बेवड आपल्याला माहीत होता

आपल्या आज्या-पणज्या शाळेत गेल्या नव्हत्या, पण बेवड त्यांना माहीत होता. भुईमुगावर शाळू चांगला येतो, हरभऱ्याच्या रानात गहू जोर धरतो, बाजरीत मटकी-हुलगा मिसळून पेरला की जमीन दमत नाही. शेंगेचं पीक मागं काहीतरी ठेवून जातं, एवढं पक्कं ठाऊक होतं. काय ठेवून जातं आणि कोण ठेवतं, ते ठाऊक नव्हतं.

जोतीराव फुल्यांचं मूळ घराणं आपल्या खटाव तालुक्यातल्या कटगुणचं. त्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. डोंगरावरचा पालापाचोळा, मेलेले किडे, जनावरं यांचा कस पावसाच्या पाण्याबरोबर खाली रानात उतरतो, म्हणून ताली आणि बंधारे घालून ते पाणी रानात मुरवावं, हा विचार त्यांनी त्यात मांडला आहे. जमिनीची ताकद जिवंत-मेलेल्या जिवांच्या कुजण्यातून येते, हे त्यांनी नेमकं हेरलं होतं.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १८८६ साली, जर्मनीत हेल्रिगेल नावाच्या शास्त्रज्ञानं एक साधा प्रयोग जाहीर केला. या कामात विल्फार्थ हे त्यांचे सहकारी होते. त्यांनी कुंड्यांत नुसती वाळू भरली. एका कुंडीत ओट, म्हणजे गव्हासारखं धान्य. दुसरीत वाटाणा. नत्राचं खत न घालता ओट मरगळला. वाटाणा मात्र काही कुंड्यांत मरगळला, तर काहींत टवटवीत वाढला. फरक कशाचा? टवटवीत रोपांच्या मुळ्यांवर गाठी होत्या. मग त्यांनी वाळू तापवून निर्जंतुक केली, तर एकाही रोपाला गाठ आली नाही. त्याच वाळूत शेतातल्या मातीचं पाणी थोडंसं ओतलं, आणि गाठी आल्या. म्हणजे गाठी करणारं जे काही होतं, ते शेतातल्या मातीत जिवंत होतं. १८८८ साली हॉलंडच्या बायरिंक यांनी गाठीतला तो जिवाणू वेगळा काढून वाढवून दाखवला. त्यालाच आज आपण रायझोबियम म्हणतो.

या पैऱ्याचा हिशोब असा आहे. हवेचा ७८ टक्के भाग नत्रच आहे, पण झाडाला ते हवेतून घेता येत नाही. जिवाणूला येतं. झाड पानांत साखर करतं, ती मुळांतून जिवाणूला देतं. जिवाणू नत्र देतो. माणसानं हेच काम कारखान्यात करायला १९०९ ते १९१३ या काळात सुरुवात केली. त्यासाठी चारशे-पाचशे अंशांची उष्णता आणि प्रचंड दाब लागतो. युरियाच्या पोत्यामागं ही एवढी भट्टी आहे. जिवाणू हेच काम मातीच्या गारव्यात करतो.

१८९६ साली नोबे आणि हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञांनी असे जिवाणू बाटलीत भरून शेतकऱ्यांना विकायला सुरुवात केली. आपल्या कृषी सेवा केंद्रातल्या रायझोबियमच्या पाकिटाचा तो पूर्वज. आपल्या देशात बिहारमधल्या पुसा इथल्या कृषी संशोधन संस्थेत एन. व्ही. जोशी यांनी १९२० साली या गाठींवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. याच हिल्टनर यांनी १९०४ साली आणखी एक मोठी गोष्ट सांगितली. गाठी नसल्या तरी प्रत्येक झाडाच्या मुळीभोवतीची माती वेगळी असते. तिथं जिवाणूंची दाटी असते, कारण मुळी तिथं साखर आणि इतर पदार्थ पाझरत असते. मुळीभोवतीच्या त्या पट्ट्याला त्यांनी नाव दिलं. आपण त्याला मुळीचं अंगण म्हणू. झाडाचं आरोग्य बरंचसं या अंगणात कोण राहतं यावर ठरतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

आमरीचं बी उगवेना

आता आमरीकडं परत जाऊ.

१८६२ साली चार्ल्स डार्विन यांनी आमरीवर पुस्तक लिहिलं. इंग्लंडातल्या एका आमरीच्या एका बोंडातलं बी त्यांनी मोजलं, ते भरलं सुमारे ६,२००. एका झाडावर तीस बोंडं धरली तर १,८६,००० च्या वर. त्यांनी हिशोब मांडला की हे सगळं बी उगवलं, तर एका झाडाची पणतवंडं पृथ्वीवरची जवळजवळ सगळी जमीन झाकून टाकतील. पण तसं होत नव्हतं. आमरी दुर्मिळच राहत होती.

कारण बियातच होतं. ज्वारीच्या दाण्यात कोंबाला पुरेल एवढं पीठ असतं. बाळंतिणीच्या घरात जशी आधीच शिदोरी भरून ठेवतात, तशी ज्वारी आपल्या लेकराची सोय करून ठेवते. आमरीचं बी धुळीसारखं, त्यात शिदोरी नाहीच. ते वाऱ्यावर दूर जातं, पण जिथं पडेल तिथं त्याला दुसऱ्या कुणीतरी जेवू घालावं लागतं.

हे माहीत नसल्यामुळे फार नासधूस झाली. त्या काळी इंग्लंडातल्या श्रीमंतांना आमरीचं वेड लागलं होतं. बी उगवत नाही म्हटल्यावर जंगलातून झाडं उपटून आणण्याचा धंदा सुरू झाला. आल्बर्ट मिलिकन नावाच्या आमरी गोळा करणाऱ्यानं १८९१ साली स्वतःच लिहून ठेवलं आहे की दक्षिण अमेरिकेत सुमारे १०,००० आमरी मिळवण्यासाठी त्यांनी सुमारे ४,००० झाडं तोडली. त्यातली पुष्कळ रोपं वाटेतच मरत.

कोडं सोडवलं एका २५ वर्षांच्या तरुणानं. त्याचं नाव नोएल बर्नार. १८९९ सालच्या मे महिन्यात, फ्रान्समध्ये लष्करी नोकरीच्या दिवसांत, तो जंगलात फिरत होता. पालापाचोळ्याखाली दबलेलं आमरीचं एक बोंड त्याला सापडलं. त्यातलं बी तिथंच उगवलं होतं. त्यानं ते कोंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर प्रत्येक कोंबात बुरशीचे बारीक धागे होते. त्यावरून त्यानं ओळखलं की बुरशी आत शिरली तरच आमरीचं बी उगवतं.

त्याच्या आधी १८८५ साली बर्लिनच्या फ्रांक यांनी झाडांची मुळं आणि बुरशी एकत्र नांदतात, हे सांगितलं होतं. तेव्हा अनेकांना ते पटलं नव्हतं. बुरशी म्हणजे रोग, एवढंच लोकांना माहीत. बर्नारच्या शोधानं चित्र पालटलं. ती बुरशी मातीतल्या पाल्यातून अन्न घेते, आमरीच्या पेशीत वेटोळं करून बसते, आणि आमरी ते वेटोळं हळूहळू पचवते. कोंबाला पान येईपर्यंत हाच त्याचा आहार. म्हणजे हा पैरा सुरुवातीला उधारीचा असतो. फेड होते का? २००६ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी हिरव्या पानांच्या एका आमरीवर दाखवलं की मोठी झाल्यावर ती आपली साखर बुरशीला परत देते. बर्नारला हे पुढचं बघायला मिळालं नाही. क्षयानं तो १९११ साली, वयाच्या ३६ व्या वर्षी गेला.

१९२२ साली अमेरिकेत लुइस नडसन यांनी बाटलीत साखर आणि क्षार घालून बुरशीशिवाय आमरीचं बी उगवून दाखवलं. आज बाजारात दिसणारी ऑर्किडची फुलं अशा बाटलीतल्या रोपांची असतात. त्यामुळे शहरातल्या फुलांच्या दुकानासाठी जंगल तोडायची गरज राहिली नाही. पण बाटलीत जे साखरेनं भागलं, ते कासच्या खडकावर भागत नाही. तिथं बुरशीच लागते, आणि बुरशीला तिचं पाल्याचं, ओलीचं घर लागतं.

आमरीच्या मुळांतले जिवाणू

बरीच वर्षं सगळ्यांना वाटत होतं की आमरीचा पैरा फक्त बुरशीशी आहे. हिल्टनर यांचं मुळीचं अंगण आमरीच्या बाबतीत कुणी नीट झाडून पाहिलं नव्हतं.

१९८९ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी आमरीच्या बियांबरोबर बुरशी आणि मातीतले काही जिवाणू असे दोघं एकत्र घालून पाहिले. काही जिवाणूंच्या सोबतीनं बी जास्त उगवलं. मग मॉस्को विद्यापीठात येलेना त्सावकेलोव्हा या संशोधक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काचघरातल्या आमरींची मुळं तपासली. झाडावर वाढणाऱ्या आमरीची मुळं हवेत लोंबतात, त्यांवर पांढरं, स्पंजासारखं आवरण असतं. त्या आवरणात त्यांना निळंहिरवं शेवाळ आणि तऱ्हेतऱ्हेचे जिवाणू मिळाले. हिमालयातही आढळणाऱ्या एका आमरीच्या मुळांत सापडलेल्या जिवाणूंमध्ये रायझोबियमही होता, म्हणजे आपल्या शेंगांच्या पिकांत गाठी करणाऱ्यांच्या भावकीतला. गाठ नाही, पण पाहुणा तोच.

हे जिवाणू तिथं काय करतात? त्यांच्यापैकी बरेच जण ऑक्झिन नावाचा पदार्थ तयार करतात. तासगावकडच्या द्राक्षबागांत काम करणाऱ्या बायकांना संजीवक हा शब्द माहीत आहे. कलमाला मुळ्या फुटाव्यात म्हणून जे संजीवक लावतात, त्याच जातीचा हा पदार्थ. २००७ साली या गटानं प्रसिद्ध केलं की आमरीच्या मुळांतले काही जिवाणू बियांवर सोडल्यावर बी जास्त चांगलं उगवलं. म्हणजे बुरशी जेवू घालते, जिवाणू वाढीला हात लावतात. एका रोपामागं असा सगळा मेळा असतो.

म्हणूनच कासवरची आमरी कंदासकट खणून घरच्या कुंडीत लावली, तर ती एखाद-दुसरं वर्ष तग धरेलही. तिचं बी मात्र त्या कुंडीत पडून राहील. आपण फूल आणतो, तिचा पैरा तिथंच सोडून येतो.

उसाच्या रानात एक बाई

आता आपल्या रानात येऊ. येताना आणखी एका बाईंची ओळख करून देतो. योहाना डोबेराइनर यांचा जन्म १९२४ साली आजच्या चेक देशात झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर घरदार सोडावं लागलं आणि पुढं त्या ब्राझीलला गेल्या. रिओ शहराजवळच्या माती संशोधन केंद्रात त्यांनी आयुष्य घालवलं. ब्राझीलमध्ये सोयाबीन वाढू लागलं तेव्हा त्यांनी आग्रह धरला की सोयाबीनचे वाण निवडताना त्याला नत्राचं खत घालूच नका, जिवाणूंवर जगणारे वाण निवडा. पुढं ब्राझील जगातल्या सर्वांत मोठ्या सोयाबीन उत्पादकांपैकी एक झाला, आणि तिथलं बहुतेक सोयाबीन आजही नत्रासाठी जिवाणूंवरच अवलंबून आहे. २००० साली त्या गेल्या.

१९८८ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं उसाच्या आत राहणारा, नत्र धरणारा जिवाणू शोधला. त्याला ॲसिटोबॅक्टर असं नाव मिळालं. गाठ करत नाही, उसाच्या मुळांत आणि कांड्यात राहतो. सांगलीच्या वसंतदादा पाटलांच्या नावानं पुण्याजवळ मांजरीला जी शुगर इन्स्टिट्यूट आहे, तिथं उसाच्या बेणेप्रक्रियेसाठी या जिवाणूचं खत तयार होतं. उसाची सगळी नत्राची भूक तो भागवत नाही, पण काही भाग नक्की उचलतो.

मग अडचण कुठं आहे? अडचण अशी की आपण पैऱ्याला येणाऱ्याला दारातूनच परत पाठवतो. सोयाबीनला किंवा भुईमुगाला भरपूर युरिया मिळाला, तर रोप गाठी करायच्या भानगडीत पडत नाही. आयता गडी घरात असल्यावर पैऱ्याला कोण हाक मारणार? शिवाय कृष्णाकाठी मिरज, वाळवा, पलूस भागात पाणी जास्त आणि निचरा कमी, त्यामुळे बरीच जमीन क्षारपड झाली. वर पांढरा थर दिसतो. अशा मातीत बरेचसे गाठीचे जिवाणू टिकत नाहीत. पाचट पेटवलं की वरच्या थरातले जीव जळतात आणि त्यांचं खाणंही जळतं.

यात पैसा घरातला जातो. पोतं विकत घ्यायचं ते गटाच्या कर्जातून किंवा सोसायटीच्या उचलीतून. आणि बियाणं कुठलं घ्यायचं, खत किती टाकायचं, हे ठरवताना बाईला विचारतातच असं नाही. पण पेरणीच्या सकाळी बियाला हात लावते ती बाईच. टोकण तीच करते. म्हणून बीजप्रक्रियेचं ज्ञान आपल्या हातात असणं महत्त्वाचं.

या हंगामात काय करायचं

पाकिटावर पिकाचं नाव बघा. भुईमुगाचा जिवाणू वेगळा, सोयाबीनचा वेगळा, हरभऱ्याचा वेगळा. भुईमूग, मटकी, चवळी ही आपल्या मातीतली जुनी पिकं, त्यांच्याशी जमणारे जिवाणू मातीत आधीच बरेच असतात. सोयाबीन आपल्याकडं नवं, त्याचा सोबती इथल्या मातीत मुळात नव्हता. म्हणून जिथं सोयाबीन पहिल्यांदा होतंय, तिथं पाकीट चुकवू नका.

पाकिटावरची मुदत बघा. पाकिटात जीव आहेत, दुधासारखं ते उन्हात ठेवलं की गेलं. साधारण १० किलो बियाला २५० ग्रॅम पुरतं. गुळाचं पाणी उकळून पूर्ण थंड करा, त्यात कालवा, बियाला हलक्या हातानं चोळा. सोयाबीनची साल पातळ असते, जोर लावू नका. सावलीत पसरून सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, आणि जिवाणू सगळ्यात शेवटी.

पीक फुलोऱ्यात आलं की खुरप्यानं मातीसकट एक-दोन रोपं काढा. उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लाल दिसलं तर जिवाणू कामाला लागले आहेत. तो लाल रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातल्या पदार्थाचा आहे, त्यातही लोह असतं. आपल्या आरोग्य शिबिरात जसं बोटाचं रक्त तपासतात, तशी ही पिकाची तपासणी. गाठ आतून हिरवी किंवा राखाडी असेल, किंवा गाठीच नसतील, तर पुढच्या हंगामात पाकीट, पाणी आणि युरिया या तिन्हींचा विचार करा.

आमरीबद्दल एवढंच. रानातून आणलेली रोपं किंवा कंद विकत घेऊ नका. हौस असेल तर बाटलीत वाढवलेली, रोपवाटिकेतली घ्या. कासला गेलात तर आखलेल्या वाटेवरूनच चाला. जिथं काहीच दिसत नाही, तिथंही खाली कंद आणि त्याची बुरशी असते, पायाखाली माती दाबली की दोघांचाही श्वास कोंडतो. तिथल्या पर्यटनाची व्यवस्था आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या बघतात. त्यांनी सांगितलेलं ऐका. दारातल्या आंब्यावर, जांभळीवर आमरी असेल तर ती तिथंच राहू द्या. वादळात फांदी पडली, तर सालीच्या तुकड्यासकट ती आमरी त्याच झाडाच्या दुसऱ्या फांदीला सुतळीनं बांधा. त्या सालीत तिची सोबत असते.

भारतात आमरीच्या साडेबाराशेच्या आसपास जाती आहेत, आणि त्यातली एकही एकटीच्या जोरावर उगवत नाही. आपलं सोयाबीनही गाठीशिवाय उभं राहतं ते युरियाच्या उसनवारीवर.

या खरिपात प्रत्येक गटानं निदान दोन सदस्यांच्या रानात गाठी फोडून बघाव्यात, अशी आमची विनंती आहे. किती रोपं काढली, किती गाठी लाल निघाल्या, हे बैठकीच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या बैठकीत त्या वह्या समोर ठेवून बोलू.